आश्रयदाते सभासदांसाठी व्याख्यान आणि स्नेहभोजन: साठ पाने मांडली आणि बावीस जण आले, तर चुकले कुठे?

आपला प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: आपण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, विश्वस्त संस्थेने चालवलेल्या छोट्या संग्रहालयात काम करता. दरवर्षी ३,००० रुपये वर्गणी देणारे १४० आश्रयदाते सभासद आपल्याकडे आहेत. त्यांच्यासाठी दर महिन्याला स्नेहभोजन आणि त्यानंतर एक व्याख्यान, तेही विनाशुल्क, अशी मालिका विश्वस्तांनी सुरू केली. पहिल्या कार्यक्रमाला ६० जण येतील असे धरून स्वयंपाक सांगितला, प्रत्यक्षात २२ आले आणि उरलेले अन्न वाटता वाटता संध्याकाळ झाली. आता काही विश्वस्त म्हणतात की मालिका बंद करावी, काही म्हणतात की अधिक नामवंत वक्ता आणावा, आणि आपण विचारता की वक्ता, जेवण, शुल्क आणि दिवस यांपैकी नेमके काय चुकले.

मी पुण्यातल्या एका संग्रहालयात १९ वर्षे सभासदांचे काम पाहत आले आहे आणि आमच्या पहिल्या स्नेहभोजनाचा मसालेभातही शेजारच्या वसतिगृहात गेला होता, तेव्हा आपल्या संध्याकाळची मला चांगली कल्पना आहे. माझ्या मते या चारांपैकी एकही गोष्ट एकटी चुकलेली नाही. कार्यक्रम कशासाठी आहे हे ठरण्याआधीच त्याचा बेत ठरला, ही मूळ अडचण आहे. एका विश्वस्ताला त्यातून देणग्या हव्या असतात, दुसऱ्याला जुन्या सभासदांचे आभार मानायचे असतात, तिसऱ्याला वर्तमानपत्रात छायाचित्र हवे असते. या तिन्ही गोष्टी एकाच दुपारी साधत नाहीत. देणग्या मागायच्या असतील तर पाच-सहा जणांनाच बोलवावे लागते, प्रसिद्धी हवी असेल तर दोनशे जणांना. सभासदांशी असलेले नाते जपायचे असेल तर मात्र संख्या अशी ठेवावी लागते की संग्रहालयातल्या माणसाला प्रत्येक पाहुण्याशी निदान दहा मिनिटे बोलता येईल. मी पुढे जे सांगते आहे ते या तिसऱ्या हेतूपुरते आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य करते. सभासदांचे सरासरी वय, ते गावातच राहतात की निम्मे पुण्या-मुंबईला असतात, संग्रहालयाला दालनांपासून वेगळी अशी ओसरी किंवा अंगण आहे की नाही, आणि आपल्याकडे बोलू शकणारा अभिरक्षक (क्युरेटर) आहे की नाही, या चार गोष्टींवर माझ्या उत्तराचा बराचसा तपशील बदलेल. तरीही काही गणिते सगळीकडे सारखीच असतात.

पहिले गणित पैशांचे. वर्गणीचे आपले वर्षाचे उत्पन्न ४,२०,००० रुपये होते. ४० पानांचा एक कार्यक्रम धरू. ताट ४०० रुपयांना पडते असे समजले तर जेवणाचे १६,०००, वक्त्याचे मानधन आणि प्रवास मिळून ८,०००, खुर्च्या-टेबले, पाणी, साफसफाई आणि किरकोळ धरून ४,०००, म्हणजे एकूण २८,००० रुपये. असे बारा कार्यक्रम विनाशुल्क केले तर खर्च ३,३६,००० रुपयांवर जातो. म्हणजे सभासदांनी संग्रहालयासाठी दिलेल्या पैशांतले ८० टक्के पैसे त्यांनाच जेवू घालण्यात संपतात. आपल्या विश्वस्तांनी हा आकडा कागदावर पाहिला आहे का, हे मला माहीत नाही. आमच्या विश्वस्तांनी पाहिला नव्हता.

म्हणून माझा आग्रह असा की वर्षाला चारच कार्यक्रम करावेत, व्याख्यान सभासदांना खुले ठेवावे आणि जेवणाचे ताटाइतकेच पैसे घ्यावेत. ४० पानांतली ३४ सभासदांची, पाच संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांची आणि एक वक्त्याचे, असे धरले तर ३४ जणांकडून १३,६०० रुपये जमतात आणि संग्रहालयाच्या अंगावर १४,४०० रुपये येतात. चार कार्यक्रमांचे ५७,६०० रुपये, म्हणजे वर्गणीच्या सुमारे १४ टक्के. सभासदांवर इतका खर्च मी निःसंकोच समर्थनीय मानते. शिवाय चार वेळच्या ३४ जागा म्हणजे १३६ होतात आणि आपले सभासद आहेत १४०. प्रत्येकाला वर्षातून एकदा बोलावणे जाते, जो दरवेळी येऊ इच्छितो त्याला जागा शिल्लक असेल तर घेता येते, आणि कोणालाही डावलल्यासारखे वाटत नाही.

जेवणाचे पैसे घेतले तर लोक नाराज होतील, अशी धास्ती प्रत्येक विश्वस्त मंडळात असते. माझा अनुभव उलट आहे. व्याख्यानाला तिकीट लावले की लोक नाराज होतात, कारण व्याख्यान विनामूल्य असते ही आपल्याकडची फार जुनी सवय आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी जाऊन मोठमोठ्या माणसांना ऐकावे आणि घरी येऊन त्यांच्यावर टीका करावी, हा पुणेकरांचा हक्कच झाला आहे, आणि आपल्या गावीही एखादी व्याख्यानमाला असेलच. जेवणाचे तसे नाही. भिशी असो, सहल असो, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा असो, ताटाचे पैसे आधी भरायचे असतात हे सर्वांना माहीत आहे आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. पैसे भरलेला माणूस येतोही. आपले ३८ जण आले नाहीत त्याचे मोठे कारण मला हेच दिसते की न येण्याने त्यांचे काहीच जात नव्हते. निमंत्रणावर ‘कृपया उपस्थिती कळवावी’ असे छापल्याने काही होत नाही. ती ओळ लग्नपत्रिकेवरही असते. नोंदणीची शेवटची तारीख कार्यक्रमाच्या सहा दिवस आधीची ठेवावी आणि आचाऱ्याला आकडा सांगताना पैसे भरलेल्यांची संख्या तेवढीच सांगावी. आमच्याकडे पैसे भरूनही दोन-तीन जण राहतातच, आणि आयत्या वेळी आलेले दोन-तीन जण त्या पानांवर बसतात.

पावत्यांबाबत एक सूचना, कारण इथे अनेक संस्था नकळत घोटाळा करून ठेवतात. जेवणासाठी घेतलेली रक्कम ही देणगी नव्हे, कारण तिच्या बदल्यात देणाऱ्याला काही मिळते. तिची पावती वेगळ्या पुस्तकावर फाडावी आणि आयकर सवलतीच्या, म्हणजे ज्याला आपण सर्वजण ८०जी म्हणतो त्या प्रमाणपत्रात ती कधीही मिळवू नये. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती सवलत मिळत नाही, आणि कोणी सभासद ‘या वेळचे जेवण माझ्याकडून’ म्हणून स्वयंपाकच पाठवून देत असेल तर वस्तुरूपाने दिलेल्या त्या देणगीवरही मिळत नाही. त्याला तसे आधीच प्रेमाने सांगावे, नंतर मार्चमध्ये सांगण्याची वेळ येऊ देऊ नये. बाकी बारकावे आपल्या लेखापालांना विचारावेत.

आता व्याख्यान. नामवंत वक्ता आणावा, हा विश्वस्तांचा उपाय मला पटत नाही. नामवंत वक्त्याचे श्रोते त्याचे असतात, संग्रहालयाचे नसतात. तो येतो, आपले तयार भाषण करतो, आपल्या संग्रहातल्या एकाही वस्तूचे नाव न घेता जातो, आणि सभासदांना वाटते की हे तर आपण नाट्यगृहातही ऐकले असते. आश्रयदात्याने वर्गणी कशाला दिली? संग्रहालयातल्या वस्तूंना. म्हणून आमचा नियम असा आहे की व्याख्यान संग्रहातल्या एका वस्तूवर किंवा वस्तूंच्या एका छोट्या गटावर असावे, चाळीस मिनिटांत संपावे आणि त्यानंतर ती वस्तू श्रोत्यांना जवळून दाखवता आली पाहिजे. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे.

विषय छोटा घेतला की तो आपोआप मोठा होतो, याची दोन उदाहरणे देते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या संग्रहावर उभे राहिलेले संग्रहालय आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती वीतभरही नाही, पण तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात निघाली, आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. या दोन मूर्ती शेजारी शेजारी पडद्यावर दाखवल्या की सातवाहनकाळचा व्यापार समजावायला वेगळे भाषण लागत नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची छोटी मूर्ती आहे. समुद्रापासून इतक्या दूर, घाटमाथ्यावर, पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव काय करत होता, हा एकच प्रश्न चाळीस मिनिटांना पुरतो. आपल्याकडे अशी जगप्रसिद्ध वस्तू नसली तरी बिघडत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची कीर्तीच मुळी अडकित्ते, दिवे, कुलपे, खवण्या, वाद्ये अशा घरातल्या वस्तूंवर उभी आहे. दिनकर केळकरांनी अशा सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि १९७५ साली त्या शासनाच्या स्वाधीन केल्या. एका अडकित्त्यावर चाळीस मिनिटे बोलता येते का, असे मला एका विश्वस्तांनी विचारले होते. सुपारी कुठून येत असे, विड्याचे मानपान कसे असत, घोड्याच्या आकाराचा अडकित्ता कोणाच्या हाती असे आणि साधा कोणाच्या, हे सांगता सांगता आमच्या सहकाऱ्याला पन्नास मिनिटे लागली आणि मला मागून घड्याळ दाखवावे लागले.

वक्ता म्हणून पहिली पसंती मी आपल्याच अभिरक्षकाला देते. तो अडखळत बोलला तरी चालेल. ज्या माणसाने ती वस्तू कोठारातून शंभर वेळा काढून ठेवली आहे त्याच्या बोलण्यात जे असते, ते बाहेरच्या विद्वानाकडे नसते. चारांपैकी दोन व्याख्याने घरच्या माणसांची, एक जवळच्या महाविद्यालयातल्या किंवा विद्यापीठातल्या अभ्यासकाचे आणि एक कारागिराचे, अशी वाटणी आम्हाला मानवली आहे. कारागिराला भाषण करायला लावू नये, प्रश्न विचारावेत आणि त्याच्या हातात काम असू द्यावे. सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे हाताने रंगवायचे खेळाचे पत्ते, रंगवणारा कलाकार व्यासपीठावर गप्प बसतो, पण कुंचला हाती घेतला की बोलता होतो. आणि मानधन त्याला प्राध्यापकाइतकेच द्यावे. हे सांगावे लागते याचाच खेद आहे.

वस्तू जवळून दाखवण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्याजवळची खरी पुंजी तीच आहे आणि आपल्या पत्रात तिचा उल्लेखही नाही. कुठल्याही संग्रहालयात दालनात असते त्याच्या कितीतरी पट कोठारात असते. सर्वसामान्य प्रेक्षकाला जे दिसत नाही ते आश्रयदात्याला दिसावे, यापेक्षा मोठा मान आपण त्याला देऊ शकत नाही, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. मात्र शिस्त लागते. कागद, कापड आणि जलरंगातली चित्रे यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जास्त उजेड पडू नये असा संकेत आहे, कारण उजेडाने झालेली हानी साठत जाते आणि कधीही भरून येत नाही. म्हणून चित्रकथीची, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याच्या लोककलेतली, पाने किंवा जुनी पैठणी दाखवायची असेल तर मंद उजेडात, आठ-आठ जणांच्या तुकडीने, दहा मिनिटे दाखवावी. भ्रमणध्वनीचा फ्लॅश बंद आहे की नाही हे दाराशीच पाहावे. चाळीस जणांच्या पाच तुकड्या झाल्या की एका तुकडीची वेळ येईपर्यंत बाकीच्यांनी काय करायचे, हा प्रश्न उरतो. आम्ही एकाच वेळी तीन ठिकाणी तीन वस्तू मांडतो आणि तुकड्या फिरत्या ठेवतो. सगळ्यांचे सगळे पाहून व्हायला पन्नास मिनिटे लागतात.

त्यावरून क्रम ठरतो. साडेदहाला चहा, पावणेअकराला व्याख्यान, साडेअकराला दहा मिनिटे प्रश्न, मग वस्तुदर्शन आणि साडेबाराला पाने. आपण व्याख्यान जेवणानंतर ठेवले होते, ते यापुढे ठेवू नये. पुरण, श्रीखंड किंवा नुसता वरणभातही पोटात गेल्यावर अंधाऱ्या सभागृहात पडद्याकडे पाहत जागे राहणे हे साठीच्या माणसाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जेवून आलेले हात वस्तूंजवळ नकोत. हळद आणि तेल यांचा डाग कापडावरून निघत नाही, आणि हात धुतल्यावरही बोटांना हळद राहतेच.

जेवणाची जागा दालनापासून आणि कोठारापासून वेगळीच हवी, यावर माझी कोणतीही तडजोड नाही. अन्नाचे कण सांडले की मुंग्या आणि झुरळे येतात, त्यांच्या मागे पाली येतात, आणि कसर तर कागदापुठ्ठ्याच्या वासावर असतेच. आमच्या दुसऱ्या वर्षी पावसामुळे पंगत वस्त्रदालनाच्या लगतच्या व्हरांड्यात हलवली होती. सगळे पुसून घेतले, असे आम्हाला वाटले. तिसऱ्या दिवशी दालनाच्या उंबऱ्यातून मुंग्यांची रांग थेट एका पेटीखाली गेलेली दिसली. तिथे जिलबीचा करंगळीएवढा तुकडा होता. पेटीतल्या शेल्याला काही झाले नाही हे नशीब, पण त्यानंतर दोन महिने वस्तूंची जपणूक-दुरुस्ती पाहणारे आमचे संवर्धक माझ्याशी कामापुरतेच बोलत होते. तेव्हापासून छप्पर असलेली वेगळी जागा मिळाली नाही तर पावसाळ्यात आम्ही जेवण ठेवत नाही, चहा आणि कोरडा फराळ शेजारच्या शाळेच्या वर्गात देतो. स्वयंपाक आवारात करू देऊ नये; गॅसचे सिलिंडर आणि उघडी आग संग्रहालयाच्या भिंतीजवळ नको. अन्न बाहेर शिजवून गरम आणणारा केटरर घ्यावा, त्याच्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे ना, हे विचारावे आणि जेवण संपल्यावर तासाभरात उष्टे-खरकटे आवाराबाहेर गेले पाहिजे, हे ठरावातच लिहून घ्यावे. याच कारणासाठी दालनात समई लावून उद्घाटन करणे आणि पाहुण्यांना फुलांचे गुच्छ देणे आम्ही बंद केले. काजळी चित्रांवर बसते आणि फुलांबरोबर कीटक येतात. दीपप्रज्वलन हवेच असेल तर अंगणात करावे.

बुफे की पंगत, असे आपण विचारले आहे. बुफे स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण त्यात ओळखीची माणसे ओळखीच्यांबरोबर उभी राहतात, वक्ता ताट घेऊन एकटा खांबाशी उभा राहतो आणि वीस मिनिटांत अंगण रिकामे होते. मी पंगतीच्या बाजूची आहे, मात्र टेबल-खुर्चीच्या. गुडघ्यांचा विचार करावा लागतो. आठ जणांचे एक टेबल, अशी पाच टेबले, आणि प्रत्येक टेबलावर संग्रहालयाचा एक माणूस. तो अधिकारीच असला पाहिजे असे नाही. आमच्याकडे कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारे सहकारी सर्वांत आवडते यजमान ठरले, कारण त्यांच्याकडे सर्वांत चांगल्या गोष्टी होत्या. विश्वस्तांनी एका टेबलाभोवती न बसता विखरून बसावे, आणि जेवताना कोणीही उठून भाषण करू नये. देणगीचे आवाहन तर मुळीच नको. पान वाढले असताना पैसे मागणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि मागितलेच तर पुढच्या वेळी माणसे येत नाहीत.

वाढणीचा वेग आचाऱ्याशी आधी बोलून घ्यावा. लग्नाच्या पंगतीची सवय असलेले वाढपी पुढची पंगत बसवायच्या घाईत भाताच्या मागोमाग ताकभात वाढतात. इथे पुढची पंगत नाही, पाऊण तास बसू द्या, हे त्यांना सांगावे लागते. पदार्थ मोजकेच असावेत: एक पालेभाजी, एक उसळ, पोळी, साधा भात आणि मसालेभात, कोशिंबीर, मठ्ठा आणि एकच गोड. कांदा-लसूण नसलेले, कंदमुळे न खाणारे, मधुमेही आणि उपवास असलेले किती आहेत, हे नोंदणीच्या वेळीच विचारावे.

हे सगळे खटाटोप कशासाठी, याचे उत्तर मला सहा-सात वर्षांपूर्वी एका जेवणातच मिळाले. त्या दिवशी ठशांवर व्याख्यान होते. कापडावर छपाई करण्याचे लाकडी ठोकळे मांडले होते आणि त्यांत दोन जुळे ठोकळे होते, नोंदवहीत ‘छापाचे ठसे, फुलांची नक्षी’ असे लिहिलेले. माझ्या टेबलावर एक वयस्कर बाई होत्या. वस्तुदर्शनात त्या काहीच बोलल्या नव्हत्या. मठ्ठा वाढेपर्यंत थांबून त्या मला हळूच म्हणाल्या, ‘ते दोन छापायचे नाहीत हो, गाठ्यांचे साचे आहेत. छापायच्या ठशाची नक्षी वर आलेली असते, यांची आत खोदलेली आहे. आणि मधून दोरा जायला खाच आहे, बघा.’ त्यांच्या माहेरी हलवायाचे दुकान होते आणि पाडव्याच्या आधी पंधरा दिवस घरात पाकाचा वास असे. जेवण झाल्यावर हात स्वच्छ धुऊन, हातमोजे घालून आम्ही ते साचे पुन्हा काढले. खाच होती. दोन्ही अर्धे एकमेकांवर बसत होते आणि पाक ओतायला वरच्या बाजूला तोंड होते. इतकी वर्षे ते आम्ही शेजारी शेजारी ठेवत होतो, एकमेकांवर कधी ठेवून पाहिले नव्हते. नोंद दुरुस्त झाली, आणि त्या बाईंनी पुढच्या वर्षी माहेरच्या दुकानातली तांब्याची कढई संग्रहालयाला दिली. सभागृहात प्रश्नोत्तरांच्या वेळी ध्वनिक्षेपक हातात घेऊन हे त्या कधीच बोलल्या नसत्या.

दिवस ठरवण्याबद्दल. वर्षाचे चारही दिवस पंचांग समोर ठेवून एकदाच ठरवावेत आणि वर्गणीच्या पावतीबरोबर छापून द्यावेत. एकादशी, संकष्टी, पितृपक्ष आणि नवरात्र टाळावे. श्रावणात सोमवार आणि शनिवार अनेकांचा उपवास असतो. लग्नाच्या दाट तिथी आणि मार्चमधल्या परीक्षाही टाळाव्यात. इतके वगळल्यावर आमच्याकडे जानेवारीतला एक, फेब्रुवारीअखेरचा एक, आषाढी एकादशीनंतर लगेचचा एक आणि दिवाळीनंतर तुळशीचे लग्न होण्याआधीचा एक दिवस उरतो. रविवारी दालनांत गर्दी असते, म्हणून आम्ही शनिवार घेतो. आपले बरेच सभासद नोकरी करणारे असतील तर रविवारच घ्यावा लागेल. दिवाळीनंतरचा कार्यक्रम बाहेरगावीही करता येतो. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेले श्री भवानी संग्रहालय आपल्याला फार लांब नसावे. राजा रविवर्मांची चित्रे पाहून पायथ्याशी झुणका-भाकर खाल्ली तरी तो दिवस सभासदांना वर्षभर पुरतो, आणि केटररचा प्रश्नच उरत नाही.

विश्वस्तांना समजवायचे झाल्यास त्यांच्यापुढे एवढेच ठेवावे: बाराऐवजी चार कार्यक्रम, व्याख्यान खुले आणि ताटाचे पैसे आधी, संग्रहातली एक वस्तू आणि तिचे दर्शन, दालनाबाहेर पंगत. ‘यातून देणग्या किती आल्या’ असे ते सहा महिन्यांतच विचारतील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची कोनशिला नोव्हेंबर १९०५ मध्ये बसली आणि दालने लोकांना खुली झाली जानेवारी १९२२ मध्ये. मधल्या काळात, पहिल्या महायुद्धात, त्या इमारतीत लष्करी रुग्णालय होते. दात्यांनी तेवढी वाट पाहिली होती, आपल्या विश्वस्तांनी दोन वर्षे पाहावी. मोजायचेच असेल तर वर्गणीचे नूतनीकरण किती जणांनी न आठवण करता केले, हे मोजावे.

आता लगेच करायचे काम. न आलेल्या ३८ जणांना पुढच्या आठवड्यात दूरध्वनी करा. गटावर संदेश टाकू नका, एकेकाला करा, आणि का आला नाहीत असे न विचारता, आपल्याला संग्रहातली कोणती वस्तू पाहायची आहे, असे विचारा. जे येऊन गेले त्या २२ जणांनाही हेच विचारा. पहिल्या दोन व्याख्यानांचे विषय त्यातच मिळतील. आणि आवारात दालनांपासून वेगळी, छप्पर असलेली जागा आहे का, ते मला इथेच कळवा. तशी जागा नसेल तर आषाढातला कार्यक्रम कसा बसवायचा, ते पाहावे लागेल.